जास्तीचा पापुद्रा

रुग्णालयात कुणाच्या अंगाची कातडी कुठे फाटली, की त्या वॉर्डातून चिठ्ठी निघायची: ‘जखम दिसते आहे, बघून जाणे.’ या चिठ्ठ्या जिथे जमा होत त्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, कुलपाचा एक खण आणि मोजणीबाई होत्या. मोजणीबाई म्हणजे कातडीच्या डॉक्टर. वय चौपन्न, उंची बेताची, आणि चाल अशी की बरोबर चालणाऱ्याला धावावं लागे. शेत मोजायला आलेला माणूस बांधाबांधाने फिरतो तशा त्या पलंगापलंगाने फिरून जखमा मोजत, म्हणून पेशंटांनी हे नाव पाडलं होतं. बाईंना ते आपल्या पदवीपेक्षा जास्त आवडायचं.

आणि कामावर भारी जीव! लोकांना वाटतं, अंथरुणावर पडून अंगाला झालं ते सगळं एकच. कसलं एकच? हाडाच्या टोकावर गोल पडलं तर ते दाबाचं. घडीत लांबट पडलं तर ओलाव्याचं. चौकोनी, सरळ कडांचं दिसलं तर खुशाल समजावं की कुणीतरी चिकटपट्टी खसकन ओढली. घोट्याच्या आतल्या अंगाला असेल तर शिरा तुंबल्या आहेत, बोटांच्या टोकांना असेल तर रक्तच पोचत नाही. एकदा एका गृहस्थांच्या मांडीवर इतकं नेटकं गोल उठलं होतं की तीन डॉक्टरांनी तीन दुर्मीळ रोगांची नावं घेतली. बाईंनी गादीवर हात फिरवला आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून दाखवलं. गृहस्थ आठ दिवस त्या झाकणावर झोपले होते. हसून हसून त्यांचेच टाके दुखायला लागले.

मोजायची बाईंची ठरलेली रीत होती. जखमेवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि लाल पेनाने कड गिरवायची. पेशंटच्या डोक्याची बाजू म्हणजे घड्याळातले बारा, पायाची बाजू म्हणजे सहा. ‘चार वाजता कड सुटली आहे’ म्हटलं की वॉर्डात सगळ्यांना कळायचं. जवळ एखादा तीळ किंवा जुना वण असेल तर तो ठिपक्याने दाखवायचा, म्हणजे पुढच्या आठवड्याचा कागद नेमका त्यावर बसतो. कोपऱ्यात तारीख. आणि तारखेखाली, हे मात्र खास बाईंचं खूळ, गिरवत असताना पेशंट जे काही बोलला असेल ते. ‘ओय ओय.’ ‘चहा आला का?’ ‘सुनेला सांगू नका.’ पण बहुतेक कागदांवर एकच वाक्य असायचं: ‘हात किती ऊबदार हो तुमचे.’ कारण पेशंटला हात लावण्याआधी तळवे खसाखसा चोळायची त्यांना सवय होती.

तिळांशी त्यांची जुनी ओळख होती. त्यांच्या स्वतःच्या कमरेवर, मागे अगदी मधोमध, तीन तीळ त्रिकोणात होते. लहानपणी न्हाऊ घालताना आई त्यांवर एकेक बोट टेकवून म्हणायची, ‘ही बघ माझ्या लेकीची चूल.’ तीन दगडांची चूल! बाईंनी ती आयुष्यात कधी पाहिली नव्हती. एकदा दोन आरसे धरून प्रयत्न केला, तर चार दिवस मान आखडली.

तर मंगळवारी मोजणी आणि शनिवारी कांदा. एका पेशंटचे सगळे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचे. बाहेर मोठी रेघ, तिच्या आत लहान, तिच्या आत आणखी लहान. आडवा चिरलेला कांदा जसा दिसतो तसं दिसायचं, म्हणून ‘कांदा’. शनिवारी सकाळी ऊन खिडकीत आलं की वॉर्डात जत्रा भरल्यासारखं व्हायचं. ज्याला मान वळवता येत नसे तोसुद्धा ओरडायचा, ‘बाई, माझा कांदा इकडून धरा!’ बरा होऊन घरी निघालेल्याला बाई त्याचा कांदा दोऱ्याने बांधून देत.

अशाच एका शनिवारी बाईंनी चार नंबरच्या पलंगाचा कांदा काचेवर धरला. चार नंबरवर एक ट्रकड्रायव्हर होता, टाचेच्या जखमेचा. मोठ्या हौशीने तो मोजायला लागला आणि सातवर थांबला.

“सहा,” बाई म्हणाल्या. “सहाच मंगळवार झाले तुम्हाला येऊन.”

“मॅडम, सात आहेत,” हेडसिस्टर म्हणाल्या. या हेडसिस्टरना सगळा वॉर्ड हवालदार म्हणायचा. मोजण्यात त्यांची चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

बाईंनी आतला कागद सुटा करून पाहिला. रेघ लाल, अक्षर त्यांचं, नऊच्या आकड्याला खाली लांब शेपूट काढायची त्यांचीच खोड. तारीख येत्या मंगळवारची होती. चार वाजता रेघेला एक झटका बसला होता, पेन निसटल्यासारखा. आणि कोपऱ्यात लिहिलं होतं: ‘आक्छी!’

“तारीख चुकली असेल,” सिस्टर म्हणाल्या.

“तारीख चुकेल हो. पण ही जखम एवढी लहान कुठे आहे अजून?”

“मग दुसऱ्या कुणाची असेल. चला, पाचवाले खोळंबलेत.”

बाईंना पटलं. दहा कामांत असं होतं. कागद परत फाइलमध्ये गेला, फाइल खणात गेली, आणि रविवारी त्यांनी त्याचा विचारही केला नाही.

मंगळवारी त्या ड्रायव्हरच्या टाचेशी बसल्या. तळवे चोळले, कागद ठेवला, बारापासून गिरवायला घेतलं. एक, दोन, तीन. जखम चांगलीच आकसली होती. पेन चारवर आला आणि ड्रायव्हरला अशी सणसणीत शिंक आली की पलंगाची चाकं हलली. पेन निसटला. सगळे हसले. बाईही हसल्या, आणि हसता हसता हाताने सवयीने तारखेखाली लिहिलं: ‘आक्छी!’

मग त्यांनी लिहिलेलं वाचलं, आणि कागद घेऊन त्या तडक उठल्या.

खोलीत येऊन त्यांनी खण उघडला. चार नंबरच्या फाइलमध्ये सहा कागद होते. सातवा त्यांच्या हातात होता. खणाची किल्ली एकच, ती त्यांच्या गळ्यातल्या दोरीला.

त्यानंतर दर शनिवारी कुणा ना कुणाच्या कांद्यात एक पापुद्रा जास्तीचा निघायला लागला. सगळ्या पुढच्या तारखा, सगळं बाईंचंच अक्षर. आणि तो दिवस उजाडला की सगळं हुबेहूब, रेघेतल्या थरथरीसकट. आता खोटं कशाला सांगायचं, भीती वाटायच्या आधी बाईंना आनंद झाला. कारण जास्तीचा पापुद्रा नेहमी आतलाच असायचा. म्हणजे जखम लहान झालेलीच दिसायची. ज्या माणसाचा असा कागद निघाला, तो बरा होणार! असं आधी कळलं तर कोण रडेल?

पण त्या डॉक्टर होत्या, आणि डोकं शाबूत असलेल्या डॉक्टरला जे पहिल्यांदा सुचावं तेच त्यांना सुचलं: मीच काढते आणि विसरते. त्यांच्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. आधी चाव्या, मग तारखा, मग पोटच्या पोरांची नावं. बाईंनी रात्री जेवताना मनातल्या मनात सगळ्या हाडांची नावं म्हणून पाहिली. एकही चुकलं नाही. तरी जीव थाऱ्यावर येईना. कुणाशी बोलायची सोय नव्हती. ज्या डॉक्टरला आपणच काल काय केलं ते आठवत नाही, तिने दुसऱ्याला औषध कुठल्या तोंडाने द्यायचं?

आणि नेमकं त्याच दिवसांत नऊ नंबरवर पोहणाऱ्या आजी आल्या.

आजींचं वय त्रेसष्ट. चाळीस वर्षं त्यांनी गावाच्या तलावावर लोकांना पोहायला शिकवलं होतं. खांदे असे रुंद की रुग्णालयाचा झगा उसवला. पायऱ्यांवर नडगीला खरचटल्याचं निमित्त झालं आणि त्याची जखम झाली. सर्जनसाहेबांनी आत नेऊन ती खरवडून साफ केली, तर चार दिवसांत दुप्पट झाली. पुन्हा साफ केली, पुन्हा दुप्पट. आता ती तळहाताएवढी होती आणि दुखणं असं की चादर लागली तरी आजी दातावर दात धरायच्या. पण चादर बाजूला झाली की त्यांची शाळा सुरू. “हं, पाचवाले, हात लांब! पाणी मागे ढकला! दोनवाले, तुम्ही बुडताय!” सगळा वॉर्ड अंथरुणात पडल्या पडल्या हात मारायचा. बाईंच्या हे लगेच लक्षात आलं की आजी आल्यापासून वॉर्डात दाबाची नवी जखम एकही झाली नव्हती. लोक हलत होते ना!

आजींची एक नात होती, सात वर्षांची, पाण्याला घाबरणारी. ‘तू कडेला बसून नाही, तू आत उभी राहिलीस तरच येईन,’ असं तिने आजीला बजावलं होतं. सुट्टी लागली की आत उभं राहायचं, हे आजींनी कबूल केलं होतं.

आणि सर्जनसाहेबांनी येत्या बुधवारी गुडघ्याखाली पाय काढायचं ठरवलं होतं.

बाईंनी शनिवारी आजींची जखम पहिल्यांदा पाहिली. तळवे चोळून पाय हातात घेतला, पावलावर बोटं ठेवली. नाडी ठणठणीत. म्हणजे रक्त पोचत होतं. जखमेची कड जांभळी होती आणि आतून पोखरलेली, सळी कडेखाली सहज सरकत होती. पू तीनदा तपासला होता, तिन्ही वेळा एकही जंतू सापडला नव्हता. मग त्यांनी आजींचा हात उलटा केला. सलाईनची सुई जिथे टोचली होती तिथे एक छोटी जखम झाली होती. तिचीही कड जांभळी.

“आजी, पोटाचं काही जुनं दुखणं?”

“आहे की. आतड्याला सूज येते अधूनमधून. पण त्याचा नडगीशी काय संबंध गं पोरी?”

“सगळा संबंध,” बाई म्हणाल्या. त्यांना एकदम इतका हुरूप आला की त्या उभ्याच राहिल्या. हे जंतूंचं काम नव्हतंच. अंगाची राखण करणारी शिबंदीच उलटली होती आणि आपल्याच कातडीवर तुटून पडली होती. असल्या जखमेला चाकू लागला की ती पिसाळते, सुई टोचली तरी नवी उठते. हिला कापायचं नसतं, शांत करायचं असतं. त्यासाठी औषध होतं, पण ते अंगाची राखणच ढिली करतं. निदान बरोबर असेल तर पाय वाचेल. निदान चुकलं आणि आत कुठे जंतू लपलेले असतील, तर त्यांना मोकळं रान मिळेल आणि पायच काय, आजीही हाताला लागणार नाहीत.

पहिला कागद गिरवून बाई खोलीत आल्या. नऊ नंबरची कोरी फाइल त्यांनी त्याच सकाळी खणात ठेवली होती. ती उघडली, तर आत एक कागद आधीच होता.

डावी नडगी. जखम सुपारीएवढी. बाजूला दोन ठिपके, आजींच्या नडगीवरचे दोन तीळ, आत्ताच गिरवलेल्या कागदावर नेमके बसत होते. तारीख साडेतीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारची. म्हणजे त्या मंगळवारी ही नडगी जागेवर असणार होती! पण रेघ लाल नव्हती, हिरवी होती. बाईंनी जन्मात कधी हिरव्या पेनाने मोजणी केली नव्हती. कोपऱ्यात लिहिलं होतं: ‘हिरवा का गं? माझा पाय म्हणजे काय भोपळा आहे?’

बाई खुर्चीत बसल्या. आनंदाने ऊर भरून आला आणि त्याच क्षणी शंका आली. आपल्याला हवं तेच आपण काढून ठेवत असू तर? मनाला आशा लागली, हाताने कागद काढला, आणि डोकं विसरून गेलं. असल्या कागदावर विसंबून एका बाईच्या जिवाशी खेळायचं?

त्यांनी तो कागद एका लिफाफ्यात घातला, लिफाफा चिकटवला, जोडावर आडवी सही केली आणि हेडसिस्टरकडे नेला.

“सिस्टर, हा तुमच्या औषधांच्या कपाटात ठेवायचा. मी मागितला तरी द्यायचा नाही. साडेतीन आठवड्यांनी, नऊ नंबरची मोजणी झाल्यावरच उघडायचा.”

सिस्टरनी लिफाफा उजेडात धरला. “आत मोजणीचा कागद आहे. हिरवी रेघ दिसते.”

“विचारू नका.”

“विचारत नाही. पण मॅडम, तुमचा चेहरा बरा नाही. चहा घ्या आधी.”

सोमवारी सकाळी बाई, सर्जनसाहेब आणि आजींचा मुलगा आजींच्या पलंगाभोवती उभे राहिले. मुलगा चष्मे बनवायचा, आणि घाबरला की स्वतःचाच चष्मा पुसायचा. त्या सकाळी त्याने तो एवढा पुसला की काचा झिजतील असं वाटलं.

सर्जनसाहेब माणूस मनाचा सरळ. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं. “मोजणीबाई, तुमचं म्हणणं पुस्तकात बरोबर आहे. पण ताप आहे, जखम पसरते आहे. तुमचं औषध दिलं आणि आत जंतू निघाले तर मला पाय काढायलाही वेळ मिळणार नाही.”

“तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही,” बाई म्हणाल्या. “शुक्रवारपर्यंत थांबा. शुक्रवारी दुखणं कमी झालेलं नसेल, तर मी स्वतः आजींना तुमच्या टेबलापर्यंत पोचवते.”

“किती खात्री आहे तुम्हाला?” मुलाने विचारलं.

बाईंना लिफाफ्याचं नाव काढावं की काय, असं क्षणभर वाटलं. मग त्यांनी लिफाफा मनातून बाजूला सारला आणि फक्त जे हाताला लागलं होतं ते आठवलं. पावलातली नाडी. जांभळी कड. तीन कोऱ्या तपासण्या. सुईची ती छोटी जखम. हे तरी त्यांनी स्वतः काढलेलं नव्हतं.

“निदानाची खात्री आहे,” त्या म्हणाल्या. “भीतीही वाटते. दोन्ही खरं आहे.”

आजी इतका वेळ छताकडे बघत होत्या. “अगं, पोरांना उंचावरून उडी मारायला लावताना मी एवढंच विचारायची, श्वास घेतलास का? तू घेतलास का?”

“घेतला आजी.”

“मग मार उडी. मी आहे खाली.”

मुलाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सही केली.

मंगळवारी काही फरक नाही. बुधवारी ताप तसाच. बाई दिवसातून सहा वेळा नऊ नंबरवर जाऊन येत, आणि परत फिरताना औषधांच्या कपाटाकडे न बघण्याचा आटापिटा करत. गुरुवारी सकाळी त्या वॉर्डात शिरल्या तर आजी झोपल्या होत्या. पायावर चादर होती. चादर होती आणि आजी घोरत होत्या, चांगल्या खणखणीत, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा! बाईंनी हेडसिस्टरचा हात धरला आणि दोघी शाळकरी पोरींसारख्या दारातच उभ्या राहून हसल्या.

शुक्रवारी सर्जनसाहेबांनी कड पाहिली. जांभळा रंग उतरला होता. त्यांनी खिशातून आपला बुधवारच्या ऑपरेशनचा कागद काढून फाडला आणि तुकडे आजींच्याच हातात दिले. “घ्या. उधळा.” आजींनी खरंच उधळले. झाडणाऱ्या मावशी आठवडाभर कुरकुरत होत्या.

पुढचे मंगळवार कसे गेले ते सांगत बसत नाही. कांदा दर शनिवारी आत आत जात होता. आणि तो मंगळवार आला.

बाईंनी मुद्दाम तीन लाल पेन नवे घेतले होते. तिन्ही आदल्या दिवशी चालवून पाहिले होते.

हेडसिस्टर लिफाफा हातात घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. चिकटवलेला जोड, आडवी सही, सगळं जिथल्या तिथे.

बाईंनी तळवे चोळले. कागद ठेवला. दोन तिळांचे ठिपके द्यायला पहिला पेन टेकवला.

उमटेना.

दुसरा पेन. नुसता ओरखडा.

तिसऱ्याचं टोक आत गेलं.

“हा घ्या,” शेजारच्या पलंगापाशी तक्ता भरणाऱ्या नर्सने खिशातला पेन काढून पुढे केला. बाईंनी न बघता घेतला. बघायची गरजच नव्हती.

हिरवा.

त्यांनी गिरवायला सुरुवात केली. बारा. तीन. सहा.  सुपारीएवढी जखम, एक वळसा, संपली.

आजी मान उचलून बघत होत्या. 

“हिरवा का गं?” आजी म्हणाल्या. “माझा पाय म्हणजे काय भोपळा आहे?”

वॉर्ड खो खो हसला. बाईंनी ते वाक्य तारखेखाली लिहिलं, आणि सिस्टरकडे पाहून मान हलवली.

सिस्टरनी लिफाफा फाडला. आत बोट घातलं. उलटा करून झटकला. मग त्यांनी लिफाफा आणि बाईंच्या हातातला हिरवा कागद यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

लिफाफा रिकामा होता.

नंतर खोलीत दार लावून बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. आपल्या मावशीच्या विसरण्याचंही सांगितलं. सांगताना डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरनी चहाचा कप संपवला, खाली ठेवला.

“मॅडम, तुम्हाला वेडबिड काही लागलेलं नाही.”

“कशावरून?”

“महिनाभर रोज सकाळी तो लिफाफा मी उजेडात धरून बघत होते. आज सकाळीही त्यात रेघ होती. तुम्ही वेड्या, तर मीही वेडी. आणि माझी नोकरी दीड वर्ष राहिली आहे, मला आत्ता वेड लागून चालणार नाही.”

“मग हे आहे काय?”

“काय असायचं ते असो. बरं करतं ना? मग करू दे.” त्यांनी कप उचलले. “मात्र त्या सर्जनसाहेबांना सांगू नका. स्वतःचे कागद शोधत बसतील.”

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या दिवसापासून शनिवार त्यांना सणासारखा वाटायला लागला. कुणाच्या कांद्यात आज जास्तीचा पापुद्रा निघतो, म्हणून त्या जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायच्या.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आजी घरी निघाल्या. नडगीवर गुलाबी कातडी आली होती, नवीकोरी. नात न्यायला आली होती, पोहायचा चष्मा कपाळावर चढवून. आजी वॉर्डभर चालल्या, एकेका पलंगाशी थांबून हात लांब करून घेतले, आणि दारापाशी वळून ओरडल्या, “थांबायचं नाही! हात मारत राहायचं!” मुलगा चष्मा पुसत होता, पण या वेळी कारण वेगळं होतं. बाईंनी कांदा दोऱ्याने बांधून नातीच्या हातात दिला. तिने तो काचेवर धरला आणि आतला हिरवा पापुद्रा बघून म्हणाली, “हा मला सगळ्यात आवडला.”

आजींनी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. “कसले ऊबदार हात आहेत गं तुझे. जप त्यांना.”

खिडकीतून त्या तिघांना फाटकाबाहेर जाताना बाई बघत राहिल्या. नात उड्या मारत पुढे, आजी हात हलवत मागे. मग गुणगुणतच त्या खोलीत आल्या आणि नऊ नंबरची रिकामी फाइल नवीन पेशंटसाठी काढून ठेवावी म्हणून खण उघडला.

फाइलमध्ये एक कागद होता.

लाल रेघ. मसुराच्या दाण्याएवढी जखम, आणखी एका मंगळवारात बुजेल अशी. वर तीन ठिपके होते. त्रिकोणात.

बाईंनी तारीख वाचली. पुन्हा वाचली. चोवीस वर्षं पुढची होती. चोवीस आणि चौपन्न, अठ्ठ्याहत्तर. आणि मग त्यांना हसूच फुटलं. म्हणजे अठ्ठ्याहत्तरपर्यंत आपण आहोत! अंथरुणावर का असेना, पण आहोत, आणि ही एवढीशी जखमही बरी होत आली आहे. आई असती तर तिला दाखवलं असतं, तुझ्या लेकीची चूल कागदावर आली म्हणून. त्यांनी हात मागे नेऊन कमरेवर तीळ चाचपले. बोटं जेमतेम पोचली. तिथे पेन धरून रेघ काढणं माणसाला शक्यच नव्हतं.

तेव्हा कुठे त्यांचं लक्ष अक्षराकडे गेलं. नऊच्या आकड्याला खाली लांब शेपूट होतं.

हसू तसंच ओठांवर ठेवून त्यांनी कागद उजेडात धरला. तारखेखाली, नेहमीच्या जागी, त्यांच्याच अक्षरात पेशंटचं बोलणं लिहिलं होतं.

‘हात किती गार गं तुझे.’